आमचे डावे, त्यांचे उजवे

विवाहपूर्व मार्गदर्शन वर्गात ‘संसाराची नाव’ या विषयावर आम्ही एकोणीस वर्षे व्याख्यान दिले. विषयाच्या निवडीत आमची काही प्रतिभा नव्हती, हे आधीच कबूल करतो. लग्नाविषयी मराठीत बोलावयास उभा राहिलेला मनुष्य पाच मिनिटांच्या आत नावेत पाय ठेवतोच. आम्ही त्यात भर घातली ती एका चित्राची. फळ्यावर खडूने होडी काढावयाची, तीत वर आणि वधू शेजारी शेजारी बसवावयाची, दोघांच्या हाती एकेक वल्हे द्यावयाचे आणि दोघांचीही तोंडे पुढे, नाळेच्या दिशेस करावयाची. तिकडे क्षितिजावर उगवता सूर्य. खाली मोठ्या अक्षरांत : ‘दोन्ही वल्ह्यांना सारखे बळ हवे.’ मुलेमुली हे सारे इमाने इतबारे वहीत उतरवून घेत. काही हौशी मुली सूर्याला पिवळा रंगही देत.

या चित्रात दोन ढोबळ चुका होत्या. एकोणीस वर्षांत त्या आम्हाला कोणी दाखविल्या नाहीत. वर्गात कोळीवाड्यातील तरुण असत, त्यांच्या त्या निश्चित ध्यानात आल्या असतील. परंतु धर्मगुरूचे चित्र चुकले आहे असे तोंडावर सांगण्याइतका उद्धटपणा त्या बिचाऱ्यांच्या अंगी नव्हता. या चुका आम्हाला कशा उमगल्या, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आमच्या धर्मग्रामातील एका दांपत्याची ही हकीकत आहे. त्यांच्या अनुमतीने लिहीत आहोत. नावे देत नाही; ज्यांना ओळखू येतील त्यांनी ती मनातच ठेवावीत. २००५ साली त्यांचा विवाह आम्हीच लावला, आणि तत्पूर्वी दोघांनीही आमच्या फळ्यावरची ती होडी वहीत उतरवून घेतली होती. २००८ साली तो आखातात नोकरीला गेला. वसईच्या आसपास अशी घरे शोधावी लागत नाहीत. दोन वर्षांतून एकदा महिनाभराची सुट्टी, येताना चॉकलेटे, अत्तरे आणि घोंगड्यांसारखी जाड ब्लँकेटे, जाताना विमानतळावर रडारड. अशी बारा वर्षे गेली. २०२० साली करोनाच्या टाळेबंदीत कंपनीने माणसे कमी केली, त्यात तो परत आला, तो कायमचाच.

या बारा वर्षांत ती बालवाडीत शिकवीत होती. सासूचे गुडघ्याचे दुखणे, विहिरीवरचा पंप, वीजबिल, दोन मुलींच्या शाळा, घराचा वाढीव माळा, गवंड्याशी हुज्जत, हे सारे तिने एकटीने निभावले, आणि चांगले निभावले. तोही तिकडे एकटाच होता. बारा तासांची पाळी, एका खोलीत सहाजण, स्वतःचे कपडे, स्वतःचा डबा. दोघेही एकमेकांसाठीच राबत होती, यात आम्हाला तेव्हाही शंका नव्हती. परंतु परत आल्यावर वर्षभरात घरात असे काही धुमसू लागले की, मुली शाळेतून उशिरा घरी येऊ लागल्या.

त्याचे गाऱ्हाणे असे : “फादर, माझ्याच पैशाने बांधलेल्या घरात मी पाहुणा आहे. साखरेचा डबा कुठे आहे, हे मला विचारावे लागते.” तिचे गाऱ्हाणे असे : “बारा वर्षे मी कुणाला काही विचारले नाही, आता दहा रुपयांच्या कोथिंबिरीचा हिशोब द्यावा लागतो. बँकेचे पासबुक यांनी कपाटातून काढून स्वतःच्या बॅगेत ठेवले. मागितले असते तर मी हातात दिले नसते का?” आम्ही दोघांना वेगवेगळे बोलावून उपदेश केला. त्याला सांगितले, तू कर्ता आहेस, मन मोठे ठेव. तिला सांगितले, इतक्या वर्षांनी आला आहे, त्याचा मान राख. दोघेही “होय फादर” म्हणाली आणि घरी जाऊन पुन्हा भांडली. आज तो उपदेश आठवला की, आम्हाला खाली पाहावेसे वाटते.

२०२२ चा नाताळ झाला आणि तिसऱ्या दिवशी ती एकटीच कार्यालयात आली. बसलीही नाही. “फादर, वेगळे राहावयाचे असेल तर धर्मप्रांताकडे अर्ज करावा लागतो ना? त्याचा नमुना तुमच्याकडे मिळतो का?”

नमुना आमच्या मेजाच्या खणातच होता. आम्ही खणाकडे पाहिलेसुद्धा नाही. म्हणालो, “फेब्रुवारीत दांपत्यांची सहल आहे. तुम्ही पैसे भरले आहेत. ती होऊन जाऊ दे, मग बघू.” ही शुद्ध टाळाटाळ होती. पुढे जे घडले त्यावरून कोणी तिला शहाणपण म्हणू नये.

उपवासकाळ लागण्यापूर्वी, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, आमची बस पसरणीचा घाट चढून पाचगणीस व तेथून महाबळेश्वरास पोहोचली. सोबत एकवीस जोडपी. हे दोघे एका आसनावर बसले होते खरे, पण मधे तिने आपली पिशवी ठेवली होती.

महाबळेश्वरला गेलेल्या वाचकांस वेण्णा तलाव ठाऊक असेलच. हा तलाव नैसर्गिक नव्हे. साताऱ्याचे आप्पासाहेब महाराज यांनी तो १८४२ साली बांधून घेतला. विस्तार सुमारे २८ एकरांचा. येथून निघणारी वेण्णा खाली साताऱ्याजवळ माहुली येथे कृष्णेस मिळते. काठावर घोडी, भेळ, भाजलेली कणसे आणि स्ट्रॉबेरी यांची एकच झुंबड असते. परंतु आठवड्याचा मधला वार होता, सकाळ होती, पाण्यावरचे धुके नुकतेच फाटू लागले होते आणि गर्दी अशी नव्हती. आमच्या जोडप्यांनी भराभर होड्या वाटून घेतल्या. बहुतेकांनी पायाने चालविण्याच्या घेतल्या. हे दोघे मागे राहिले. काय कसे ठाऊक, पण तो एकदम म्हणाला, “मला वल्ह्यांची पाहिजे.” ती म्हणाली, “मलाही येते म्हणावं.” येत दोघांनाही नव्हते. त्यांच्या होडीत तिसरे कोणी बसावयास तयार होईना. घरातली हवा सर्वांना माहीत होती. मग स्त्रियांनी मिळून आम्हाला पुढे ढकलले. “फादर, तुम्ही बसा.”

लाइफ जॅकेट आमच्या पोटावर बंद होता होता पुरेवाट झाली. नावाडी तिकडचाच, पन्नाशीचा, बोलण्यात तुटक. वल्ही त्याने दोघांच्या हाती दिली आणि स्वतः नाळेवर जाऊन बसला. मधल्या फळीवर हे दोघे शेजारी शेजारी, एकेक वल्हे घेऊन. आम्ही मागच्या टोकाला. आमच्या वजनाने ते टोक चांगलेच खाली गेले. आणि पाहतो तर दोघांचीही तोंडे आमच्याकडे!

“अहो, तुम्ही उलटे बसलात,” आम्ही म्हणालो.

“न्हाय फादर, आसंच बसत्यात,” नावाडी म्हणाला.

एकोणीस वर्षांचा आमचा उगवता सूर्य तिथेच मावळला. आमची चूक अगदीच निराधार नव्हती. लहानपणी आम्ही खाडीत पाहिलेली माणसे लहान होडीत पुढे तोंड करूनच हातातले वल्हे मारीत. परंतु खुंटीला अडकविलेली लांब वल्ही ओढावयाची तर पाठ पुढे आणि तोंड मागे करूनच बसावे लागते. हातांपेक्षा पाठ बळकट आणि पाठीपेक्षा पाय. पाय समोरच्या आडव्या पट्टीला रेटून सारे अंग मागे झोकले म्हणजे होडी हलते. पुढे तोंड करून वल्हे ढकलता येते, पण त्यात ते बळ नाही. म्हणजे वल्हविणाऱ्याला आपण कोठे चाललो ते दिसत नाही, कोठून निघालो तेवढे दिसते. शेजारी बसलेल्याचा चेहराही दिसत नाही. त्या होडीत दोघांचे चेहरे फक्त आम्हाला दिसत होते.

पहिली दहा मिनिटे होडीने प्रदक्षिणाच घातल्या. त्याचा जोर दांडगा, तिचा बेताचा. होडी दर हिसक्याला तिच्या अंगाला वळे. तो म्हणे, “तू ओढतच नाहीस.” ती म्हणे, “ओढते आहे ना!” आणि तिला दाखविण्यासाठी तो आणखी जोराने ओढी. होडी आणखी वेगाने वळे. काठावरून आमची मंडळी टाळ्या वाजवू लागली. शेवटी नावाडी म्हणाला,

“सायेब, तुमचा जोर लई हाय. निम्मा करा.”

“निम्मा केला तर होडी पुढे कशी जाणार?”

“आता तरी कुठं जातीया?”

आमच्या चित्राखालचे ते वाक्य आम्हाला आठवले : दोन्ही वल्ह्यांना सारखे बळ हवे. सारखे बळ दोन माणसांना कोठून आणावयाचे? ज्याच्याजवळ अधिक आहे त्यालाच ते आवरावे लागणार. ज्याच्याजवळ कमी आहे त्याने कोठून काढावे? हा हिशोब इतका साधा आहे की, सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकूनही तो आम्हाला कधी सुचला नाही. त्याला तर तो ऐकूनही पटत नव्हता. बारा वर्षे ज्या अंगमेहनतीवर घर उभे राहिले, ती कमी कर, असे कोणी सांगितले तर पटावे तरी कसे? त्याने रागाने वल्हे खोल घातले. पाते पाण्यात अडकले, होडी पुढे सरकली आणि दांड्याचा तडाखा त्याच्या छातीवर बसला. तो मागे कलंडला. ती हसली. मग एकदम हसू थांबवून समोर आमच्याकडे पाहू लागली, जणू आम्हीच तिला हसताना पकडले होते.

इथे आम्ही मदतीस धावलो. त्यांना पुढचे दिसत नाही, आम्हाला दिसते. तेव्हा त्यांचे डोळे आपण व्हावे, असे आम्हाला वाटले. समोर पायडलच्या होडीत एक नवविवाहित जोडपे फोटो काढण्यात गुंग होते, आणि आमची होडी थेट त्यांच्यावर चालली होती. आम्ही व्यासपीठावरून द्यावी तशी आज्ञा दिली, “डावीकडे! डावीकडे!” दोघांनीही प्रथमच एकमताने आमचे ऐकले, आणि होडी नेमकी त्या जोडप्याच्या कुशीत शिरली. नावाड्याने हाताने त्यांची होडी दूर लोटली म्हणून बरे.

“फादर,” तो म्हणाला, “तुमचं डावं त्ये त्यांचं उजवं. फुडचं मी बगतो. तुमी निस्तं गप बसा.”

एकवीस वर्षांत आमच्या धर्मग्रामातील कोणी आम्हाला असे सांगितले नव्हते. सांगावयास हवे होते असे पुष्कळांना वाटत असेल. आम्ही वर्षानुवर्षे जोडप्यांसमोर बसून त्यांना डावीकडे, उजवीकडे सांगत आलो. आपण त्यांच्या समोर बसलो आहोत, त्यांच्या शेजारी नाही, आणि त्यामुळे आपले डावे ते त्यांचे डावे नव्हे, हे आम्ही कधी ध्यानात घेतले होते? तिला ‘मान राख’ म्हणालो, ते तिला ‘पासबुक विसर’ असे ऐकू गेले. त्याला ‘तू कर्ता’ म्हणालो, आणि त्याने जोर वाढविला.

नावाड्याने मग त्यांना एक युक्ती सांगितली. “फादरच्या डोक्यामागं काठावर त्ये उंच झाड दिसतंय न्हवं? डोकं आन् झाड येका रेघंत ऱ्हाऊ द्या. म्हंजी होडी सरळ जातीया.” वल्हविणारे जाणकार लोक असेच मागची खूण धरून दिशा राखतात, हे आम्हाला नंतर कळले. त्यात आमचे काम एवढेच की, डोके हलवावयाचे नाही. आम्ही हललो की, त्यांची रेघ चुके. मान आखडली, नाकावर माशी बसली, तरी आम्ही सूतभर हललो नाही. इतक्या निरुपद्रवी रीतीने आम्ही कोणाच्या संसारात यापूर्वी बसलो नसू.

आता ती मोजू लागली. बालवाडीत मुलांना कवायत देतात त्या आवाजात, “एक... दोन... एक... दोन...” ‘एक’ला दोन्ही पाती पाण्यात, ‘दोन’ला बाहेर. आणि बाहेर काढल्यावर लगेच पुन्हा घालावयाची नाहीत. ओढीनंतर होडी आपली आपण काही अंतर सरकते, तेवढे तिला सरकू द्यावयाचे. नवख्याला नेमके तेवढेच थांबणे जमत नाही. त्याला फार कठीण गेले. त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते, मानेची शीर तटतटली होती. जोर लावण्याने नव्हे, जोर धरून ठेवण्याने. तिच्या मोजण्यावर तो वल्हे उचलीत होता. आम्हाला वाटते, आखातातून परतल्यापासून तिने ठरविलेल्या वेळेवर त्याने केलेली ही पहिली गोष्ट असावी. तिलाही हे कळत होते, कारण तिचा आवाज हळूहळू खाली आला, आणि पुढे तिने मोजणे सोडूनच दिले. तरीही वल्ही बरोबर पडत राहिली. पाण्याचा चुबुक असा एकच आवाज येई. मग पात्यांवरून थेंब ओघळल्याचा बारीक आवाज. मग पुन्हा चुबुक.

तलावाच्या मध्यावर ती दमली. हात थरथरू लागले. “थांबा जरा,” ती म्हणाली, “दम घेते.” त्याचा हात सवयीने तिच्या वल्ह्याकडे गेला. दोन्ही वल्ही घेऊन तो एकटा ती होडी सहज काठाला नेऊ शकला असता. एकट्याने वल्हविणे हे दोघांनी वल्हविण्यापेक्षा पुष्कळ सोपे. हात तिच्या दांड्यापर्यंत पोहोचला, आणि तिथून परत आला. त्याने आपले वल्हे वर उचलून धरले आणि तो थांबला. होडी वाऱ्यावर थोडी वळली. कोणी काही बोलले नाही. बऱ्याच वेळाने ती, आमच्याकडेच पाहत, म्हणाली, “छातीला लागलं का हो?”

“नाही.”

थोड्या वेळाने तो म्हणाला, “लागलं थोडं.”

आम्हाला डोके हलविण्याची मनाई होती, म्हणून आम्ही डोळे मिटून घेतले.

भाड्याची अर्ध्या तासाची मुदत केव्हाच उलटली होती. दुसऱ्या अर्ध्या तासाचे पैसे सहलीच्या हिशोबातून गेले, यावर आमचे खजिनदार अद्यापि नाराज आहेत.

परत आल्यावर या विषयाचा आम्हाला थोडा छंदच लागला. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात वारा समोरून असताना गालील सरोवरात वल्ही मारून बेजार झालेल्या शिष्यांचा प्रसंग आहे. तेथे मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ छळ होणे, यातना भोगणे असा होतो, हे सेमिनरीत आम्ही परीक्षेपुरते पाठ केले होते. सहलीच्या दुसऱ्या दिवशी आम्हीही अर्धा तास वल्हे धरून पाहिले, तेव्हा तळहाताला आलेल्या फोडांनी तो अर्थ पक्का केला. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्याच्या दत्तू भोकनळ यांच्याविषयीही वाचले. पाण्यासाठी वणवण करणाऱ्या मुलखातला हा जवान सैन्यात जाऊन नौकानयन शिकला आणि २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये २००० मीटरच्या एकेरी शर्यतीत तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत एकेरीत मात्र त्याला पदक मिळाले नाही. दुसऱ्याच दिवशी स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासह चौघांच्या होडीत बसून त्याने सुवर्णपदक आणले. एकट्याने इतकी वर्षे वल्हविलेल्या माणसाने रातोरात तिघांच्या तालात आपला ताल कसा मिसळला असेल, हे आम्हाला त्या पदकापेक्षा अधिक नवलाचे वाटते.

फळ्यावरचे चित्र आम्ही सुधारले आहे. दोघांची तोंडे आता मागे असतात, सूर्य काढून टाकला आहे, आणि खालचे वाक्यही. २०२४ च्या वर्गात पाठीमागच्या बाकावरची कोळीवाड्यातील एक मुलगी शेजारणीच्या कानात म्हणाली, “आता बरोबर काढलं.” आम्ही ऐकले नाही असे दाखविले.

ते दोघे आजही भांडतात. घर आमच्या वाटेवर आहे, त्यामुळे ऐकू येते. त्याला जवळच एका कारखान्यात पाळीची नोकरी मिळाली आहे. पासबुक पुन्हा कपाटात गेले आहे. तो मागतो, ती देते, कधी दोन प्रश्न विचारूनही देते. मागच्या पावसाळ्यात आम्ही त्यांच्याकडे गेलो असता चहा त्यानेच केला. साखर किंचित जास्त पडली होती.

अर्जाचा नमुना तिने पुन्हा मागितला नाही, आणि आम्हीही विषय काढला नाही. परवा खण आवरताना तो कागद हाती आला. दुसऱ्या कोणाला लागेल, म्हणून घडी सरळ करून पुन्हा जागच्या जागी ठेवला.